गिटारीचें रोगण : टिकणें आणि दुरुस्त होणें

वाद्य विकत घेणारा मनुष्य प्रथम त्याची झिलई पाहतो आणि मग तार छेडतो. घडविणाऱ्याचा क्रम याच्या अगदीं उलट असतो. आधीं आवाज, मग झिलई; आणि झिलई चढवितांना त्याच्या मनांत एकच धास्ती असते कीं, जें लाकूड इतक्या कष्टानें बोलतें केलें, तें या लेपाखालीं पुन्हां मुकें तर होणार नाहीं ना! हातानें घडविलेल्या गिटारीवरील रोगण हा केवळ शृंगार नव्हे. घाम, धूळ, ओरखडे आणि दमट हवा यांपासून तें लाकडाला जपतें. परंतु या जपणुकीचीही किंमत द्यावी लागते, आणि ती कोठें द्यावी लागते हें समजून घेणें वाद्य बाळगणाऱ्या प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

गिटारीचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या फळींतून निघतो. सतारीवर जी तबली, तिच्याच जागीं ही फळी. ती बहुधा स्प्रूस नांवाच्या हलक्या लाकडाची असून तिची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते. स्पेनमधील विख्यात कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यानें १८६२ सालीं एका गिटारीची पाठ व बाजू कागदी पुठ्ठ्याच्या केल्या आणि वरची फळी मात्र लाकडाचीच ठेवली. आवाजाचें मर्म या फळींत आहे, हें त्याला दाखवावयाचें होतें. अशा फळीवर रोगणाचा जाड थर देणें म्हणजे गाणाऱ्याच्या अंगावर जड घोंगडें टाकण्यासारखें आहे.

रोगणें दोन जातींचीं असतात. पहिल्या जातीचीं नुसतीं वाळतात; दुसऱ्या जातीचीं पक्कीं होतात. चपडा लाख स्पिरिटमध्यें विरघळवून कापडाच्या बोळ्यानें चढवितात. स्पिरिट उडून जातें आणि लाख मागें राहते. घरोघरीं परिचित असलेलें फ्रेंच पॉलिश तें हेंच. १९२० च्या दशकांत आलेलें नायट्रोसेल्युलोजचें रोगणही याच जातीचें. उलट, १९६० च्या दशकापासून गिटारीच्या कारखान्यांत रूढ होत गेलेल्या पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर या रोगणांत रेणू एकमेकांना सांधले जाऊन त्यांचें अखंड जाळें बनतें. कच्चें मडकें आणि भाजलेलें मडकें यांत जो भेद, तोच येथें आहे. कच्च्या मडक्याची पाण्यांत पुन्हां माती होते. भाजलेल्याची होत नाहीं, म्हणून तें टिकतें. पण तें फुटलें म्हणजे ओल्या मातीचा गोळा लावून सांधतांही येत नाहीं. पक्क्या रोगणाचा सारा गुण व सारा दोष या एका दृष्टान्तांत सामावला आहे.

असें रोगण चढविणें हें मोठ्या चिकाटीचें काम आहे. प्रथम लाकूड बारीक पॉलिशपेपरनें घासून धूळ टिपून घेतात. जेथें घोडी चिकटवावयाची ती जागा झांकून ठेवतात, कारण सरस उघड्या लाकडालाच नीट धरतो. शिसव व मॅहोगनी यांचीं रंध्रें उघडीं असतात. तीं भरून काढावीं लागतात. शिसवाच्या जातीच्या कांहीं लाकडांतील नैसर्गिक तेल रोगणाला पक्कें होऊं देत नाहीं. दिवसामागून दिवस जातात, तरी थर आपला चिकटच! त्यासाठीं मध्यें एक आडपडदा द्यावा लागतो. रोगणाच्या जातीप्रमाणें तो कधीं इपॉक्सीचा, तर कधीं मेण काढून टाकलेल्या चपड्याचा असतो. मग फवाऱ्यानें एकावर एक पातळ थर देतात. योग्य वेळेंत पुढचा थर दिला तर दोहोंची गांठ आपोआप पडते. ती वेळ टळली तर आधींचा थर घासून खरखरीत करावा लागतो, नाहींतर वरचा पापुद्र्यासारखा सुटतो. सर्व घासणी संपल्यावर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास थर उरावा, असा कुशल कारागिराचा प्रयत्न असतो.

पावसाळ्यांत हें काम अधिकच अवघड होतें. पॉलियुरेथेनमध्यें मिसळावयाचा हार्डनर हवेंतील ओलाव्याशीं संयोग पावला, तर थरांत बुडबुडे उठतात. त्याहून गंभीर गोष्ट ही कीं, या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा फवारा श्वासाबरोबर आंत गेल्यास दमा जडूं शकतो, आणि एकदां शरीराला त्यांचें वावडें झालें कीं पुढें अल्प अंशही सोसत नाहीं. नाकातोंडाला रुमाल बांधून हें काम भागत नाहीं. त्याला स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटाच हवा. वाद्याच्या तकाकीसाठीं कारागिराचा श्वास खर्ची पडावा, हा सौदा कोणत्याही रसिकाला मान्य होऊं नये.

आतां दुरुस्तीचा विचार. लाखेवर ओरखडा उठला तर लाखेचा नवा हात जुन्या थरांत विरघळून एकजीव होतो. पक्क्या रोगणाला ही सोय नाहीं. तेथें ठिगळच लावावें लागतें. टवका उडाला असेल तर खळगा स्वच्छ करून त्यांत सुपरग्लूचे थेंब थोडे थोडे भरतात, पूर्ण वाळूं देतात, आणि धारदार पात्यानें खरवडून भोंवतालच्या पातळीला आणतात. पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून मधला भागच उघडा ठेवतात, म्हणजे शेजारचें रोगण शाबूत राहतें. नंतर ओला बारीक पॉलिशपेपर, व शेवटीं झिलई. रोगण लाकडापासून सुटलें असेल तर आंत हवा शिरून पांढुरका डाग दिसतो. कडेनें पातळ सुपरग्लू झिरपविला कीं बहुधा तो नाहींसा होतो. मात्र लाकूडच तडकलें असेल तर आधीं लाकूड सांधावें, मगच रोगणाला हात घालावा. सर्व रोगण खरवडून नवें देण्याचा मोह तर शक्यतो टाळावाच. खरवडतांना फळीही झिजते, आणि गेलेलें लाकूड परत येत नाहीं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाहीं. ज्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथें लाखेच्या पॉलिशची परंपरा आहे. तें पॉलिश घामानें व पाण्यानें लवकर खराब होतें खरें, पण तितक्याच सहजपणें पुन्हां उजळतें. गिटारीला पक्कें रोगण देणारा कारागीर रोजची काळजी हलकी करतो व दुरुस्ती अवघड करतो. गांवोगांव फिरणाऱ्या वादकाला पहिली गोष्ट मोलाची वाटेल. घरांत जपून वाजविणाऱ्याला लाखच अधिक सोयीची.

रोगण कोणतेंही असो, वाद्य मऊ कोरड्या कापडानें पुसावें. फर्निचरचें सिलिकोनयुक्त पॉलिश त्यावर लावूं नये. त्याचा अंश राहिला कीं दुरुस्तीचें रोगण तेथें नीट पसरत नाहीं. डास पळविणारें मलम हाताला लावून वाद्य उचलूं नये. त्यानें कांहीं रोगणें विरघळतात. आणि रोगण पक्कें आहे या भरंवशावर गिटार पावसाळ्यांत उघडी टाकूं नये. तिची आंतली बाजू बहुधा कोरीच असते, आणि रोगण ओलाव्याला उशीर लावतें, अडवीत नाहीं. रोगण किती वर्षें टिकलें, यावरून कारखान्याची परीक्षा होते. तें बिघडल्यावर लाकूड न दुखवितां नीट करतां आलें कीं नाहीं, यावरून कारागिराची.