शाळेचा तास आणि सामन्याचे प्रक्षेपण



शाळेच्या वेळेत दूरचित्रवाणीवर अथवा भ्रमणध्वनीवर चाललेला क्रिकेटचा सामना शिक्षकाने पाहावा की पाहू नये, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मनाईची एक ओळ लिहून तो निकालात काढता येईल. परंतु केवळ मनाईने दडपलेला प्रश्न सुटत नाही. तो खिशात जाऊन बसतो, आणि हल्ली तर तो अक्षरशः खिशातच असतो. म्हणून त्याचा विचार मुळापासून होणे इष्ट होय.

खेळाची ओढ आजची नव्हे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याआधी सामना घरोघरी पोहोचे तो आकाशवाणीवरून, बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने खेड्यापाड्यांतील श्रोत्यांसमोर मैदान उभे केले. मात्र रेडिओ लावला की त्याचा आवाज सर्वांच्या कानी पडे. तो ऐकणाऱ्यास लपून ऐकणे कठीण होते. तळहातावरचा पडदा मूक असतो आणि एकट्यालाच दिसतो. जे पूर्वी चारचौघांत घडे, ते आता एकांतात घडते, आणि या प्रश्नाची खरी अडचण इथेच आहे.

मोठ्या सामन्यांमुळे शाळेची अडचण होते, असेही म्हणता येत नाही. २५ जून १९८३ आणि २ एप्रिल २०११ हे भारताच्या विश्वविजयाचे दिवस शनिवार होते, आणि दोन्ही सामने दुपारी सुरू झाले. १९ नोव्हेंबर २०२३ चा अंतिम सामना तर रविवारी झाला. अडचण निर्माण होते ती साध्या दिवसांत. भारतातील कसोटी सामना साधारणपणे सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेचार असा पाच दिवस चालतो. म्हणजे शाळेचा जवळजवळ संपूर्ण दिवस तो व्यापतो.

आता वेळेचा हिशेब पाहावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीस वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे. दिवसाकाठी सरासरी चार तास. चार वर्ग आणि दोन शिक्षक अशी शाळा घेतली, तर एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात. तो दुसरीस वाचन देत असता तिसरी स्वाध्याय करीत असते. म्हणजे ८०० तासांपैकी प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष सुमारे ४०० तासच येते. त्यातून रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे एका कसोटीत सव्वा तास गेला, तर तो अशा वाट्यातून जातो जो मुळातच अर्धा झालेला आहे. वाचताना अडलेले मूल मान वर करून पाहते आणि गुरुजींची दृष्टी धावफलकावर असते. मूल पुन्हा खाली पाहते आणि तो शब्द सोडून पुढे जाते. ही हानी कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

यावर शिक्षकांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. निवडणूक आणि जनगणना यांची कामे त्यांच्यावर येतात. माहितीचे तक्ते भरावे लागतात. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या पंगतीवर लक्ष ठेवावे लागते. जो इतका वेळ देतो त्याने दहा मिनिटे धावसंख्या पाहिली तर काय बिघडले, हा प्रश्न अवाजवी नाही. त्यास विश्रांती मिळालीच पाहिजे. मात्र ती वेळापत्रकातून मागून घ्यावी. मुलाच्या वाट्यातून नकळत काढून घेऊ नये. इतर कामांनी अध्यापनाचे तास खाल्ले, ही तक्रार खरी ठरायची असेल, तर उरलेले तास शिक्षकाने स्वतः जपलेले असले पाहिजेत.

मग शाळेत सामना कधीच दाखवू नये काय? १ ऑगस्ट २०२४ या दिवसाचा विचार करावा. तो गुरुवार होता. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरात वाढलेला स्वप्नील कुसाळे त्या दुपारी एक वाजता फ्रान्समधील शातोरू येथे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीस उभा राहिला आणि ५० मीटर रायफल नेमबाजीत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदकाचा मानकरी ठरला. अशा वेळी सर्व मुलांना एका पडद्यासमोर बसवून ते दाखविणारी शाळा वेळ दवडीत नाही. इथे एक, तेव्हा फ्रान्समध्ये साडेनऊ का, हा भूगोल झाला. ४५१.४ हा दशांश अपूर्णांक झाला. पटांगणावर ५० मीटर मोजून, दहा गुणांचे अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ वहीत काढून, ते तेवढ्या अंतरावरून दिसते का हे मुलांनी पाहिले, तर एकाग्रता म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

दोन्ही प्रसंगी पडदा तोच असतो. एके ठिकाणी तो मुले आणि शिक्षक यांच्या मध्ये येतो. दुसऱ्या ठिकाणी दोघेही त्याच्यासमोर एकत्र बसतात. यावरून आचरणाची रीत सहज ठरते. सामना दाखवावयाचा असल्यास आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तसे जाहीर करावे. फळ्यावर वेळ लिहावी. सर्व मुलांसह पाहावा आणि त्यावर पाठ घ्यावा. जे असे उघडपणे करता येत नाही, ते शाळा सुटेपर्यंत बाजूस ठेवावे. धावसंख्या सायंकाळीही तीच असते. तिसरीतील मुलाचा अडलेला शब्द मात्र सायंकाळपर्यंत थांबत नाही.