संगीताचे व्यवस्थापन : विद्यापीठीय अभ्यासाचा विषय
(भाषणाचा मजकूर)



संगीत आणि व्यवस्थापन हे दोन शब्द शेजारी आले की पुष्कळ रसिकांच्या कपाळाला आठी पडते. स्वरांचा हिशेब कसला मांडायचा, असा त्यांचा भाव असतो. परंतु या महाराष्ट्रात हिशेब न मांडल्याची किंमत संगीताने फार मोठी मोजली आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, स्वरलिपीची पुस्तके छापली. एवढ्या कर्तबगार पुरुषालाही मुंबईतील विद्यालयाची इमारत कर्जापायी गमवावी लागली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव सर्वांना ठाऊक आहे. बालगंधर्वांच्या डोक्यावरील कर्जाचा डोंगरही तितकाच ठाऊक आहे. प्रतिभेची उणीव दोन्हीकडे नव्हती.

अमेरिकेतील मायामी विद्यापीठात संगीत-व्यवसायाचा पदवी शिक्षणक्रम १९६६ सालापासून आहे. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि पुणे विद्यापीठातील १९८७ सालचे ललित कला केंद्र यांनी गायन-वादनाच्या शिक्षणाला विद्यापीठात प्रतिष्ठा दिली. त्या शिक्षणाच्या जोडीला करारपत्र, अंदाजपत्रक, ध्वनियोजना आणि हक्कांचा कायदा यांचा रीतसर अभ्यास यावा, अशी ही मागणी आहे.

यातील कायद्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षितही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि पश्चात ६० वर्षे टिकतो. पूर्वी एकरकमी मोबदला देऊन तो कायमचा लिहून घेतला जाई. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतांच्याही इतरत्र होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनात त्यांना समान वाटा दिला आणि तो वाटा वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येणार नाही, असे ठरविले. गायक-वादकांना प्रयोगकर्ता म्हणून हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. ज्या कलावंताला हे माहीतच नाही, तो समोर ठेवलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचाही येथे थेट संबंध येतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत, शासनाच्या अथवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात गीत वाजविल्यास हक्कभंग होत नाही. लग्नाची वरातही त्यात येते. शाळेतील मुलांनी व शिक्षकांनी पालकांसमोर सादर केलेल्या कार्यक्रमालाही सूट आहे. मात्र त्याच पटांगणावर तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांसाठी वाद्यवृंद आणला की परवाना लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली याच कारणाने आवरत्या घ्याव्या लागल्या. पहाटेचे राग व्यासपीठावरून ऐकू येईनासे झाले, ही हानी लहान नव्हे. त्यावर प्रातःकालीन सभा हा उपाय निघाला, तो व्यवस्थापनाचाच विचार होय.

असे व्यवस्थापन ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावला जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तेथे येऊन तारीख, सुपारी, मुक्काम असे सारे ठरवितात. फडमालक मात्र बहुधा उसनवारीवर हंगाम उभा करतो, आणि एखादा पाऊस त्याचे सारे गणित बिघडवितो. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली वारल्या. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने पहिले सत्र या राहुट्यांत बसून तेथील व्यवहार टिपण्यात घालवावे, आणि फडासाठी साध्या मराठीतील एक करारनामा तयार करावा : आगाऊ रक्कम किती, पावसाने खेळ रद्द झाल्यास तोटा कोणी सोसायचा, खेळाचे चित्रण करून विकल्यास कलावंताचा वाटा किती. असा नमुना ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहिला, तर पुढच्या जत्रेची सुपारी ठरताना तो दोन्ही बाजूंसमोर ठेवता येईल.