गाडी सकाळी का रुसते?



लातूर-नांदेड रस्त्यावरचं आपलं अहमदपूर बालाघाटच्या पठारावर वसलेलं आहे. डिसेंबर-जानेवारीतली इथली पहाट चांगलीच गार असते. नेमकी त्याच वेळी दूधवाल्याला, बाजार गाठणाऱ्या शेतकऱ्याला, खेड्यावरच्या शाळेत निघालेल्या गुरुजींना गाडी हवी असते. गाडी जुनी, बोअर केलेली. कुणी तिला मोठा कार्बोरेटर बसवलेला, कुणी सायलेन्सर बदललेला. दुपारी ती अर्ध्या किकमध्ये सुरू होते. पहाटे वीस किका मारल्या तरी दाद देत नाही.

याचं कारण साधं आहे. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. थंड इंजिनात त्याची वाफ कमी होते, बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून राहतं. एरवी एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा पुरते. थंडीत मात्र पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. चोक तेच काम करतो, तो हवा अडवतो.

इंजिनात बदल केला की हे गणित हलतं. कार्बोरेटरचं तोंड मोठं झालं, की किकच्या मंद गतीत हवेचा वेग पडतो आणि जेटमधून पेट्रोल पुरेसं ओढलं जात नाही. एअर फिल्टर काढून टाकला तर हवा जास्त, पेट्रोल कमी. बोअर करताना हेड उतरवलं जातं. बसवताना टॅपेट आणि टायमिंग जरा जरी चुकलं, तरी दाब निसटतो.

त्यात इंधनही बदललं आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, आणि त्याला जळायला हवा कमी पुरते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर नव्या इंधनाला अपुरा पडू शकतो. १९७९ पासून इथेनॉलवर मोटारी चालवणाऱ्या ब्राझीलमध्ये, थंडीत सुरू करण्यासाठी त्या मोटारींना पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत असत!

मग करायचं काय? सामान बदलण्याआधी ट्यूनिंग. आणि ते दुपारी नव्हे, रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनापासून सुरू करावं. गरम इंजिनात हा दोष दिसतच नाही.

पाच-सहा किका मारून प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त आहे, नाहीतर ठिणगी कमजोर. प्लगची फट बहुतेक छोट्या गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. ती नीट करा. मग थंड इंजिनावरच फिलर गेज लावून टॅपेट कंपनीच्या मापाला आणा. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्यानंतर चोक पूर्ण बंद होतो का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, स्लो जेट साफ आहे का, ते बघा. मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन गरम झाल्यावर, पाव-पाव फेऱ्याने फिरवा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर. स्क्रूने भागलं नाही, तरच स्लो जेट एक नंबर मोठा. पुन्हा रात्रभर गाडी थंड ठेवा आणि पहाटे तपासा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

हा खटाटोप कशासाठी? न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. कोरड्या भिंतीवर नव्या रिंगा घासतात. रोज चोक ओढून, रेस देऊन गाडी उठवणाऱ्याचा हजारो रुपयांचा नवा बोअर अकाली झिजतो. दोष सकाळचा वाटतो, पण त्याची किंमत इंजिन मोजत असतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. प्लगच्या भोकातून किंवा कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओतू नका. एका ठिणगीने भडका उडतो. बंद खोलीत गाडी सुरू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही आणि जीव घेतो.

आणि मोठा कार्बोरेटर बसवलेला असेल, तर मूळचा परत लावून पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हे तर आहेच. पण बऱ्याचदा पहाटेच्या दुखण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपायही तोच असतो. मिस्त्रीकडे गाडी नेताना "नवीन काय टाकू?" असं विचारू नका. "रात्रभर ठेवून घ्या, सकाळी माझ्यासमोर सुरू करा," एवढंच सांगा.