जिवाणूचे तीन लगाम

मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरणारा ट्रक आठवा. वेग वाढला की चालक ब्रेक दाबतो, कमी झाला की सोडतो. परिणामानेच कारणाला आवर घालायचा, यालाच शास्त्रज्ञ 'निगेटिव्ह फीडबॅक' म्हणतात.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय जिवाणूही हेच करतो. प्रथिने बांधायला त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागते. कमी पडले तर वाढ खुंटते, जादा झाले तर ऊर्जा वाया जाते. म्हणून साचलेले ट्रिप्टोफॅनच आपली निर्मिती तीन ठिकाणी रोखते. ते जनुकाचे वाचन सुरू होऊ देत नाही, सुरू झालेले अर्ध्यावर तोडते आणि तयार एन्झाइमचे कामही थांबवते.

मग एकच लगाम पुरला नसता का? इथे गणित मदतीला येते. किती तयार झाले, किती संपले, याचा क्षणाक्षणाचा हिशेब समीकरणांत मांडतात. उशिरा लागणाऱ्या ब्रेकने गाडी हिसके खाते, तसेच उशिराच्या लगामाने पेशीत हेलकावे येऊ शकतात. जनुक बंद केले तरी आधीचे एन्झाइम राबतच राहते. एन्झाइमवरचा लगाम मात्र लगेच बसतो.

मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. वेंकटेश, शरद भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये हे गणित मांडले. परिस्थिती बदलली तरी ही व्यवस्था सावरते, याचे मर्म त्यांना अनेक लगामांच्या जोडणीत सापडले.

कारखान्यांत ट्रिप्टोफॅन जिवाणूंकडूनच बनवून घेतात. त्यासाठी हेच लगाम सैल करावे लागतात. कोणता आणि किती, याचा अंदाज आधी कागदावर घेता येतो, तो या समीकरणांमुळे.