घामाचं फळ

माउली, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात, कर्म कर, फळाची आशा धरू नको. हे सगळ्यांना पाठ आहे. पण सांगितलं कुणाला? जो कर्म करतो त्याला. दुसऱ्याच्या कर्माचं फळ उचलून घरी न्यायची मुभा भगवंतांनी कुणालाही दिलेली नाही, बरं का!

नवी मुंबईत तुर्भ्याच्या मार्केटला पहाटे जाऊन बघा. माथाडी पाठीवर पोती वाहतात. सातारा-सांगलीकडची माणसं, कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ. हा बाजार मुंबईत होता तेव्हा मजुरी किती द्यायची, हे मालकाच्या मर्जीवर असे. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची; मंडळाने हमालाला मजुरी द्यायची, त्याचा भविष्यनिर्वाह निधी सांभाळायचा. घाम आणि फळ यांची गाठ अशी बांधली गेली.

आज ती गाठ सैल होते आहे. याच शहरात एकाने प्लॉट घेऊन नुसता ठेवला, त्याचे पैसे झोपेत वाढले. दुसऱ्याने तीस वर्षं पोती वाहिली, त्याच्या पोराला इथे खोली परवडत नाही. पोरगं कंत्राटावर राबतं आणि विचारतं, "महाराज, कष्ट करून मिळतं काय?" त्याला 'तुझं प्रारब्ध' असं सांगून वाटेला लावू नका. त्याची मजुरी कुणी अडवली असेल, तर ते अडवणाऱ्याचं पाप आहे, पोराचं प्रारब्ध नव्हे.

चोखोबाराय आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली, मजुरांबरोबर चोखोबाही गेले. साल १३३८. परंपरा सांगते, नामदेवराय तिथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं, त्या घेऊन पंढरीला आले. भिंत बांधून घेणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? राबणाऱ्याच्या समाधीवर मात्र आपण महाद्वारात माथा टेकतो.

म्हणून माउली, वारीला निघण्याआधी एक करा. घरी धुणंभांडी करणारी बाई, दुकानातला पोरगा, शेतावरचा गडी, ज्याचं त्याचं देणं चुकतं करा. मजुरी थकवून चंद्रभागेत बुडी मारली, तर अंग तेवढं भिजेल. आणि तुमचा स्वतःचा घाम वाया जातोय असं वाटलं, तर हक्क मागताना लाजू नका. फळाची आसक्ती सोडणं वेगळं, अन्याय सोसणं वेगळं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!