सोरायसिस : परीक्षेत आणि ओपीडीत



अध्यक्षपदावरून बोलायला सोरायसिस हा विषय मी मुद्दाम निवडला. परीक्षेत तो हमखास येतो आणि विद्यार्थी तो हमखास पाठ करतात. ऑस्पिट्झ, कोबनर, मन्रो ही नावं धडाधड सांगता येतात. ‘असं का होतं?’ विचारलं की गाडी अडते. मला त्या कारणांबद्दलच बोलायचं आहे.

काचपट्टीची कड चट्ट्यावरून हलकेच फिरवा. मेणबत्तीचं मेण खरवडावं तसे पांढरे पापुद्रे सुटतात. खाली ओलसर पातळ पडदा लागतो. तोही निघाला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. आता हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बाह्यत्वचेची पेशी तळातून वर यायला एरवी सुमारे चार आठवडे घेते, इथे ती तीन-चार दिवसांत पोहोचते. पक्व व्हायला उसंतच नाही, म्हणून तिचं केंद्रक तसंच राहतं, ग्रॅन्युलर थर नाहीसा होतो, खपली साचते. खालच्या त्वचेचे उंचवटे लांबतात, त्यांतल्या केशवाहिन्या फुगतात आणि त्यांच्यावरचं आवरण विरळ होतं. मग खरवडल्यावर रक्त येणं ओघानंच आलं. ही साखळी समजली की उत्तर घोकावं लागत नाही. या साऱ्यामागे आयएल-२३ आणि आयएल-१७ आहेत, आणि नवी बायोलॉजिक औषधं त्यांनाच अडवतात.

पुस्तकातला लालभडक चट्टा बहुतेक वेळा गोऱ्या त्वचेवरचा असतो. आपल्या सोलापूरच्या सावळ्या त्वचेवर तो जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो. विडी वळणाऱ्या बाईंच्या तळहाताला भेगा पडल्या, तर ‘तंबाखूची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होऊ नका. नखांवर खळगे आहेत का पाहा, कोपर-गुडघे पाहा, केसांतून बोटं फिरवा, सकाळी सांधे आखडतात का ते विचारा. सतत घासल्या जाणाऱ्या जागी सोरायसिस उमटू शकतो. कोबनरचं नाव पाठ करायचं ते एवढ्यासाठी. नायट्याची शंका आली तर खपलीची केओएच तपासणी कराच, कारण दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी दोन्ही रोगांचं रूप पालटलेलं असतं.

उपचारांतल्या दोन चुका मात्र जिवावर बेततात. पोटातून दिलेलं स्टिरॉइड थांबवलं की रोग उसळून अंगभर पूभरले फोड येऊ शकतात. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा कोलमडते. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे रुग्ण एकाच रांगेत बसतात. चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ लिहू नका. वार लिहा, आणि तो रुग्णाकडून वदवून घ्या. टीएनएफ रोखणारं औषध सुरू करण्याआधी क्षयरोग नाही ना, हे तपासा.

त्वचारोगतज्ज्ञ हेब्रानं १८४१ मध्ये सोरायसिस कुष्ठरोगापासून वेगळा काढला. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं तो संसर्गजन्य नसल्याचं ठरावात नोंदवलं. तरीही ‘डॉक्टर, ताट-टॉवेल वेगळं ठेवायचं का?’ हा प्रश्न ओपीडीत आजही येतो. म्हणून इथे बसलेल्या परीक्षकांना माझी विनंती आहे : तोंडी परीक्षेत ‘घरच्यांना काय सांगाल?’ हे जरूर विचारा आणि त्या उत्तराला गुण ठेवा.