गिअरची ढिली दांडी

जुन्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसण्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर आला असेल. उसाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडात. त्या वेळी ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी असलेली गिअरची दांडी आठवा. गाडी उभी असली तरी ती थरथरत असते, आणि गिअर टाकायचा म्हणजे ड्रायव्हर तिला वीतभर इकडे, वीतभर तिकडे हलवून अंदाजाने जागा शोधतो. विचारले तर म्हणतो, "गाडी जुनी झाली, चालायचंच." आज मला या 'चालायचंच'विषयी बोलायचे आहे.

प्रथम ही दांडी आतून कशी असते ते पाहू. पुष्कळ जुन्या ट्रकांत ती सरळ गिअरबॉक्सच्या झाकणावर बसवलेली असते. दांडीच्या खालच्या भागात एक गोळा असतो. तो झाकणातल्या वाटीत बसतो आणि एक मजबूत स्प्रिंग त्याला तिथे दाबून धरते. काही गाड्यांत गोळा आणि वाटी यांच्यामध्ये बुश असतो. गोळ्याखाली दांडीचे टोक बोटासारखे पुढे आलेले असते. गिअरबॉक्समध्ये शेजारी शेजारी सरकणाऱ्या सळ्या असतात व प्रत्येकीला एक खाच असते. हे बोट ज्या खाचेत शिरेल ती सळी सरकते आणि तिचा गिअर पडतो.

शिक्षकमित्रांच्या लक्षात आलेच असेल, की ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. टेकू मध्ये, बल वर आणि भार खाली. समजा, गोळ्यापासून मुठीपर्यंत 60 सेंटिमीटर आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंत 6 सेंटिमीटर अंतर आहे. मग खालचे टोक 2 मिलिमीटर झिजले, तर मूठ 20 मिलिमीटर, म्हणजे चांगली 2 सेंटिमीटर मोकळी हलणार. ज्या तरफेमुळे आपले बल दहापट होते, तीच तरफ झीजही दहापट करून दाखवते. त्यात गोळा झिजला, बुश फुटला, स्प्रिंग मऊ पडली, की सगळ्यांची बेरीज मुठीवर येते. म्हणून दांडी फार हलते एवढ्यावरून "गिअरबॉक्स गेला" असे म्हणू नये. झीज अगदी थोडी आणि वरच्या वरच असू शकते.

पण थोडी आहे म्हणून सोडूनही देऊ नये. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. याचे कारण, उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवते. आता भरलेला ट्रक उतरतो आहे, ड्रायव्हर खालचा गिअर टाकायला जातो आणि दांडी जागा दाखवीत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये राहते, इंजिनाची पकड सुटते, वेग वाढतो. गिअर सहज पडावा म्हणून सिंक्रोमेशची योजना कॅडिलॅक मोटारीत 1928 सालीच आली. पण ट्रकांत ती रुळायला पुष्कळ वर्षे लागली. तशी सोय नसलेल्या गाडीत वाढलेल्या वेगात गिअर पुन्हा पडणे फार कठीण. मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरीत नाहीत. एका बुशाची हयगय इथवर नेऊन पोचवते.

तेव्हा दुरुस्तीआधी दोष कुठे आहे ते शोधा. सपाट जागी गाडी उभी करून इंजिन बंद करा, हातब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. दांडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच काढायची असते, त्या वेळी गिअर गाडीला धरीत नाही. म्हणून दगड विसरू नका. रबरी टोपण वर करा. एकाने दांडी हलवावी, दुसऱ्याने विजेरी घेऊन खाली पाहावे. मूठच फिरत असेल तर आटे गेले आहेत. गोळा वाटीत उडत असेल तर बुश किंवा स्प्रिंग पाहा. गोळा घट्ट असून दांडी हलत असेल तर खालचे टोक किंवा खाचा झिजल्या आहेत. दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडसळ्या असतील, तर त्यांचा एकेक सांधा हाताने हलवून पाहा.

दांडी काढण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने नि चिंधीने साफ करा. गिअरबॉक्सचे तोंड उघडताच त्यावर स्वच्छ फडके टाका. आत पडलेला एक नट सगळे दात खाऊ शकतो. निघालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने थाळीत मांडा. बुश, स्प्रिंग नवे घाला. झिजलेले टोक वेल्डिंगने भरून मापाला घासता येते, पण ते काम दांडी बाहेर काढून, माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे. टायरचा तुकडा किंवा तार कोंबून केलेली दुरुस्ती चार दिवस टिकते आणि मग त्याच वस्तूचे तुकडे आत पडतात.

बसवताना गोळ्याला ग्रीस लावा आणि खाचा एका रेषेत आहेत ना, ते पाहून बोट आत सोडा. इंजिन बंद ठेवून सगळ्या गिअरांच्या जागा हाताला लागतात का पाहा, मग रिकामी गाडी मैदानात फिरवा. भार त्यानंतर.

एक मात्र सांगायला हवे. दांडी घट्ट असून गिअर करकरत असेल तर क्लच तपासा. चढावर गिअर आपोआप सुटत असेल तर दोष बहुधा आत आहे. तिथे मिस्त्रीच हवा.

श्रोतेहो, यंत्र एकदम बिघडत नाही. आधी ते हाताला सांगत असते. दांडीतली ढिलाई हे असेच एक सांगणे आहे. ते गावातच ऐकावे, घाटात ऐकायची वेळ येऊ देऊ नये.